मागितला फॉन्ट, मिळाला फॉन्ट

सकाळी ९:१०

पुण्यात अप्पा बळवंत चौकापासून चार मिनिटांवर एक जुना वाडा. खाली बाइंडिंगचं दुकान, त्यामुळे जिन्यात खळीचा वास. दुसऱ्या मजल्यावर दहा बाय दहाची खोली. ताई कुलूप काढतात, खिडकी उघडतात, मग मेन स्विच. खोलीचं भाडं ६,५०० रुपये. अर्धं त्या भरतात. अर्धं भरणारा संध्याकाळी येतो आणि रात्री टायपिंगची कामं करतो.

टेबलावर एक डेस्कटॉप, एक लॅपटॉप, तीन फोन. दोन अँड्रॉइड जुन्या बाजारातले, जोडी ५,००० रुपयांना. तिसरा आयफोन, तोही वापरलेला, ९,०००. काचांना तडे आहेत. पण चालतात. विकत घेताना तेवढंच बघितलं होतं.

ताईंनी बरीच वर्षं डीटीपी केलं. श्रीलिपीवर लग्नपत्रिका, दिवाळी अंक, गाइडं. आता त्या वेबसाइटवरचे फॉन्ट तपासतात. पानावर कुठला फॉन्ट आहे, किती मोठा आहे, किती जाड आहे, ते शोधायचं आणि लिहून काढायचं. आजचं काम एका पतसंस्थेचं. साइट नवी करायची आहे. त्याआधी जुनीत काय काय आहे याची यादी हवी. वेगवेगळ्या घडणीची १४ पानं. पानामागे ४५० रुपये, एकूण ६,३००. त्यातले २,००० आगाऊ आले आहेत.

९:३०

एक्सेलची शीट उघडली. रकाने ठरलेले आहेत: जागा, मागितला, मिळाला, आकार, जाडी, ओळींतलं अंतर, शेरा.

“मागितला आणि मिळाला, हे दोन वेगळे ठेवायचे. निम्मं काम तिथेच आहे,” ताई सांगतात.

पहिलं पान, मुखपृष्ठ. मजकुरावर राइट क्लिक, इन्स्पेक्ट. उजवीकडे खिडकी उघडते. त्यात फॉन्ट-फॅमिलीची ओळ: मंगल, एरियल, सॅन्स-सेरिफ. पान बनवणाऱ्याने हे मागितलं. ब्राउझर ही यादी डावीकडून वाचतो. पहिला मिळाला तर तो, नाहीतर दुसरा. यादीतल्या एकातही ते अक्षर नसेल, तर यंत्रात जो फॉन्ट सापडेल तो.

मग ताई ‘कंप्युटेड’ नावाच्या भागात जातात आणि अगदी तळापर्यंत खाली सरकतात. तिथे खरं उत्तर असतं. प्रत्यक्ष काढलेले फॉन्ट, त्यापुढे किती आकृत्या त्या फॉन्टातून आल्या तो आकडा. इथे लिहिलंय: निर्मला यूआय, लोकल फाइल, ३१२ ग्लिफ. एरियल, लोकल फाइल, ४६ ग्लिफ.

मंगलचं नावही नाही.

मंगल हा र. कृ. जोशींनी घडवलेला फॉन्ट. जोशी कवी, सुलेखनकार, आयआयटी मुंबईत शिकवणारे. विंडोज २०००पासून कितीतरी वर्षं संगणकावरची देवनागरी म्हणजे मंगलच होता. विंडोज ८ बरोबर निर्मला यूआय आला. विंडोज १०मध्ये मंगल जादा फॉन्टांच्या गठ्ठ्यात गेला. यंत्रात मराठी किंवा हिंदी भाषा घातली नसेल, तर तो सहसा तिथे नसतो. पतसंस्थेची साइट मात्र अजून त्यालाच हाक मारते आहे.

ताई लिहितात. मागितला: मंगल. मिळाला: निर्मला यूआय. आकडे: एरियल. शेऱ्यात: “व्याजदरांच्या तक्त्यात इंग्रजी आकडे एरियलमध्ये, शेजारचा मजकूर निर्मलात. जाडी जुळत नाही.”

१०:१५

आता आकार. प्रत्येक शब्दावर जाऊन टिचकी मारली तर दिवस पुरणार नाही. ताईंकडे वीस ओळींचा एक छोटा प्रोग्रॅम आहे. तो कन्सोलमध्ये चिकटवायचा. पानावर जिथे जिथे मजकूर आहे तिथला हिशेबाअंती ठरलेला आकार तो गोळा करतो आणि मोजून देतो.

यादी येते. ११ पिक्सेल. ११.६६४. १२. १२.९६. १३. १३.३३३३. १४.४. १५.२. १६. २१. २८. एका पानावर अकरा आकार.

अपूर्णांकांमागे कारण असतं, आणि ताई ते शोधतात. मूळ आकार १६. डब्याला ०.९ एम दिलंय, म्हणजे बाहेरच्या आकाराच्या नऊ दशांश. झाले १४.४. त्या डब्यात यादी, तिलाही ०.९ एम. झाले १२.९६. यादीत तक्ता, त्यालाही तेच. ११.६६४. प्रत्येक पायरीवर अक्षर थोडं आक्रसलं. शेवटच्या पायरीवर कर्जाचे नियम आहेत.

१५.२ म्हणजे ०.९५ रेम. रेम नेहमी मुळाशी मोजतात, मधल्या डब्यांशी त्याचा संबंध नसतो. म्हणून ते एकदाच कमी होतं.

११ पिक्सेल मात्र थेट लिहिलेले आहेत. ताई ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन अक्षर ‘खूप मोठं’ करतात. मूळ आकार १६चा २४ होतो. रेम आणि एममधला मजकूर वाढतो. पिक्सेलमध्ये ठोकलेला जागचा हलत नाही. ज्याने डोळ्यांसाठी सेटिंग बदलली, त्याला इथे काहीच मिळालं नाही. शेऱ्यात तेवढंच वाक्य जातं.

११:००

खालून चहा. दोन कटिंग, २० रुपये. रोजचे दोन वेळचे धरले तर महिन्याला हजाराच्या आसपास जातात. ताई ते खर्चात मांडतात, इंटरनेटच्या खालच्या ओळीत.

पतसंस्थेच्या व्यवस्थापकांचा फोन.

“मॅडम, फॉन्ट कुठला ते सांगा ना फक्त. त्याला इतका वेळ?”

“साहेब, एकच नाहीये. आत्तापर्यंत चार सापडले. आणि तुमच्या संगणकावर वेगळे, सभासदाच्या फोनवर वेगळे.”

“माझ्याकडे तर नीट दिसतंय.”

“तुमच्याकडे दिसतंय ते शीटमध्ये लिहिलंय. त्यांच्याकडचं दुपारी बघते.”

११:२०

अर्जाचं पान. खाते उघडण्याचा अर्ज. चौकटींच्या बाहेरचा मजकूर निर्मलात, १६ पिक्सेल. चौकटीच्या आत १३.३३३३, आणि मागितलेला फॉन्ट एरियल.

हे कुणीच मागितलेलं नाही. अर्जातल्या चौकटी आणि बटणं आजूबाजूच्या मजकुराचा फॉन्ट आपोआप घेत नाहीत. वेगळं सांगितलं नाही तर क्रोम त्यांना स्वतःचं माप देतो, १३.३३३३ पिक्सेल. एरियलमध्ये देवनागरी नाही. मग सभासद स्वतःचं नाव मराठीत भरतो, ते यंत्रात असेल त्या फॉन्टात, बारीक उमटतं. आयफोनवर आणखी एक. चौकटीतलं अक्षर १६ पिक्सेलपेक्षा लहान असेल तर बोट लावताच सगळं पान मोठं होऊन सरकतं. अर्ज अर्धा पडद्याबाहेर जातो.

उपाय एका ओळीचा आहे. चौकटींना बाहेरचाच फॉन्ट घ्यायला सांगायचं. ताई ती ओळ शेऱ्यात लिहूनच देतात. “याचे वेगळे पैसे घेत नाही. पण हे दुरुस्त झालं पाहिजे. लोक इथे नाव लिहितात.”

पुढे ‘आमच्याविषयी’चं पान. हे कुणीतरी नंतर केलेलं दिसतं, कारण इथे मुक्ता आहे आणि तो खरंच मिळतोय. नेटवर्क रिसोर्स असं लिहून येतं, म्हणजे फॉन्टची फाइल पानाबरोबर उतरली. मुक्ता मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा, खुल्या परवान्याचा. वापरायला पैसे लागत नाहीत. त्याच्या सात जाड्या आहेत. या साइटने एकच आणली, ४००ची. मथळ्यांना मात्र ७०० मागितलंय.

ताई मथळा ४०० टक्के मोठा करतात. ब्राउझरने साध्या अक्षरालाच रेघ चढवून जाड केलंय. ‘क्ष’च्या पोटातली जागा बुजली आहे. मात्रा अनुस्वाराला चिकटली आहे. खाली फॉन्टचं नाव अजूनही मुक्ता-रेग्युलर. तोच पुरावा.

त्याच मथळ्यात अक्षरांमध्ये २ पिक्सेलचं अंतर टाकलंय. इंग्रजी मथळ्याला ते शोभतं. मराठीत शिरोरेघ तुटली. ‘विश्वासार्ह सेवा’ या दोन शब्दांत प्रत्येक अक्षरावर वेगळं छप्पर. ताई तो आकडा शून्य करून बघतात. रेघ जुळते. स्क्रीनशॉट घेतात, आधीचा आणि नंतरचा.

१२:४०

फोनांची पाळी. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपरचा कप्पा उघडतो. मग यूएसबी डीबगिंग चालू. केबल लावायची. डेस्कटॉपच्या क्रोममधून फोनवरचं पान उघडून तसंच तपासता येतं. केबल जुनी आहे, विशिष्ट कोनात धरली तरच जोडली जाते. ताई ती एका पुस्तकाखाली दाबून ठेवतात. नवीन केबल १५० रुपये. यादीत आहे.

अँड्रॉइडवर मंगल नाही, निर्मलाही नाही. मिळाला: नोटो सॅन्स देवनागरी. आयफोनवर मिळाला: कोहिनूर देवनागरी. म्हणजे साइटने मंगल एकदाच मागितला आणि विंडोजवर निर्मला, अँड्रॉइडवर नोटो, आयफोनवर कोहिनूर असे तीन मिळाले. प्रत्येकाची रुंदी वेगळी. ‘मुदत ठेव योजना’ हे बटण विंडोजवर एका ओळीत बसतं. अँड्रॉइडवर ‘योजना’ खाली उतरतं आणि चौकटीबाहेर अर्धं कापलं जातं.

ओळींमधलं अंतर १.२ आहे. रोमन अक्षराला एखाद वेळ खपून जातं. देवनागरीला शिरोरेघेवर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार लागतो आणि खाली उकार, ऋकार. छोट्या पडद्यावर ओळी वाढल्या की खालच्या ओळीची वेलांटी वरच्या ओळीच्या उकाराला भिडते. ताई ते १.६ करतात. पान लांब होतं. वाचता येतं.

दुपारी १:३०

डबा. दोन पोळ्या, गवारीची भाजी, लोणच्याची फोड. जेवताना स्क्रीनकडे बघायचं नाही, हा त्यांचा नियम. दोन घास झाले की डोळे मिटून बसतात. डोळ्यांचे थेंब पर्समध्ये. चष्म्याचा नंबर मागच्या वर्षी बदलला. फ्रेम आणि काचा मिळून २,४०० गेले.

२:०५

जुन्या परिपत्रकांचं पान. उघडलं तर रोमन अक्षरांचा ढीग. पहिल्या ओळीत: एल, जी, डी, के, जे, एच.

ताई बघताक्षणी वाचतात. “सहकारी.”

युनिकोड सगळीकडे रुळण्याआधीची ही पद्धत. अक्षर आतून इंग्रजीच, वर देवनागरीचं रूप चढवलेलं. फॉन्ट असला तर मराठी, नसला तर हा ढीग. कृतिदेवमध्ये ‘स’ एलवर, ‘ह’ जीवर, ‘क’ डीवर, काना केवर, ‘र’ जेवर, दीर्घ वेलांटी एचवर. श्रीलिपीची मांडणी वेगळी, सी-डॅकच्या जुन्या फॉन्टांची वेगळी. कुठली ते ओळखल्याशिवाय युनिकोडमध्ये बदलता येत नाही. चुकीचा कन्व्हर्टर लावला तर ढिगाचा दुसरा ढीग होतो.

काही पानांच्या कोडमध्ये फॉन्टचं नाव शाबूत आहे. काहींमधून ते कुणीतरी पुसलंय. तिथे नुसत्या अक्षरांवरून ओळखायचं. ताई ओळखीचे शब्द शोधतात. पतसंस्थेच्या कागदात ‘कर्ज’ असणारच. कृतिदेवमध्ये ते डी, टी, मोठा झेड. रफार शेवटी टाइप होतो. युनिकोडमध्ये तो ‘ज’च्या आधी साठवला जातो. ऱ्हस्व वेलांटीचं उलटं. तिथे ती अक्षराआधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर येते. कन्व्हर्टर इथेच अडखळतात.

एक परिपत्रक बदलून बघितलं. रफार दोन ठिकाणी पुढच्या अक्षरावर गेलाय. हाताने दुरुस्त केला. शेऱ्यात: “९ परिपत्रकं कृतिदेव. बदलता येतील. नंतर माणसाने वाचणं आवश्यक.”

३:१५

सूचनांचं पान. इथे मजकूर नाहीच, चित्रं आहेत. कार्यालयात कागद स्कॅन करून चढवले आहेत. राइट क्लिक केलं की चित्राचं नाव येतं, फॉन्ट नाही.

रोमन अक्षरांसाठी चित्रावरून फॉन्ट ओळखणाऱ्या सोयी आहेत. देवनागरीत ताईंना त्यांचा फारसा उपयोग होत नाही. इथे डोळाच. ‘ल’, ‘श’, ‘ख’, ‘ऱ्य’ ही अक्षरं आधी बघायची. ‘वाऱ्या’मधला चंद्रकोरीसारखा ‘र’ कसा जोडलाय, तिथे फॉन्ट ओळख देतात. ही सूचना डीव्हीबी सुरेखमधली दिसते. ताई शंका म्हणून प्रश्नचिन्ह टाकतात, मग तीच ओळ शेजारी सुरेखमध्ये टाइप करून चित्रावर ठेवतात. काने जुळतात. प्रश्नचिन्ह पुसतात.

आकारासाठी हिशेब. कागद ए-फोर, १५० डीपीआयला स्कॅन केलेला. रुंदी १,२४० पिक्सेल. कागदावर अक्षर १२ पॉइंट, म्हणजे चित्रात २५ पिक्सेल. आता हे चित्र ३६० पिक्सेल रुंदीच्या फोनवर मावेल एवढं आक्रसतं. २५ गुणिले ३६० भागिले १,२४०.

“सव्वासात,” ताई कॅल्क्युलेटर खाली ठेवतात.

सव्वासात पिक्सेलमध्ये थकबाकीची मुदत लिहिलेली आहे. दोन बोटांनी मोठं करून, डावीकडून उजवीकडे सरकवत, प्रत्येक ओळीला परत मागे येत ती वाचावी लागते. ज्याला वाचून दाखवणारा घरी नाही, तो सोडून देतो. अक्षराचं माप ही सजावटीची बाब नाही, हे या पानावर कुणालाही पटेल.

सूचना किती? ताई मोजतात. ६२.

४:३०

खालच्या दुकानातले काका वर येतात. वय सत्तरीपुढे. तरुणपणी खिळे जुळवायचे. शिशाचे, एकेक. केसमध्ये कुठलं अक्षर कुठल्या खणात ते हाताला पाठ. आता बाइंडिंगवर देखरेख.

“काका, हे वाचा.” ताई त्यांना फोन देतात. कर्जाचे नियम, ११.६६४चे.

काका फोन लांब धरतात, मग जवळ आणतात, मग चष्मा कपाळावर. “काय गं हे? आठ-नऊ पॉइंट असेल. एवढ्या बारकात आम्ही तळटीप लावायचो.”

११.६६४ पिक्सेल म्हणजे पावणेनऊ पॉइंट. इंचाला ७२ पॉइंट आणि ९६ पिक्सेल हे वेबचं ठरलेलं गणित. १२ पॉइंटला १६ पिक्सेल. काकांनी नुसत्या नजरेनं सांगितलं.

ताई तेच पान १६वर करतात. काका वाचतात, अडखळत. १८वर करतात. आता सरळ वाचतात, थकबाकीच्या कलमापर्यंत, न थांबता. २०वर केलं तर म्हणतात, “आता नको. सारखं वर ढकलावं लागतंय.”

मजकूर काळा करून बघतात. आधी तो हॅश ९९९, फिका करडा. पांढऱ्यावर त्याचं प्रमाण २.८५ला एक. वेबच्या सुलभतेच्या नियमांत साध्या मजकुराला किमान ४.५ला एक लागतं. काकांना आकडा सांगायची गरज पडत नाही. “हां, आता शाई लागली,” म्हणतात आणि खाली जातात.

५:१०

शेवटची तपासणी, भाषेची. पानाच्या अगदी वरच्या ओळीत भाषा ‘ईएन’ लिहिली आहे. मजकूर सगळा मराठी. ताई अँड्रॉइडवरच्या पानात ती ‘एमआर’ करतात. नोटोमधला ‘ल’ बदलतो. ‘श’ बदलतो. फॉन्ट तोच, आकार तोच. नोटोत मराठी रूपं आधीपासून होती, त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ वापरावा असं महाराष्ट्र शासनाने २०२२च्या शासन निर्णयात पुन्हा सांगितलंय. इथे त्यासाठी नवा फॉन्ट लागला नाही. दोन अक्षरं बदलावी लागली.

ताई दुसऱ्या फोनवरही बघतात. मग शीटमध्ये ही ओळ सगळ्यात वर नेतात.

५:४०

अहवाल. शीटच्या १४ पानांना एक सारांश, दीड पानाचा. लांब लिहिला तर कुणी वाचत नाही. एकच फॉन्ट, मुक्ता, पानाबरोबर उतरणारा. ४०० आणि ७०० दोन्ही जाड्या खऱ्या आणायच्या. मजकूर १८ पिक्सेल, पण रेममध्ये लिहायचा. ओळींचं अंतर १.६. अकराऐवजी चार आकार. अक्षरांतलं जादा अंतर शून्य. चौकटींना बाहेरचाच फॉन्ट. भाषा मराठी. सूचना चित्रात नकोत.

फाइल किती जड होईल तेही लिहितात. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्ट रोमनपेक्षा जड असतो. डब्ल्यूओएफएफ-टू या आवळलेल्या रूपात आणायचा, आणि तो उतरेपर्यंत फोनमधल्या फॉन्टात मजकूर दिसू द्यायचा. गावात रेंज कमी असली तरी कोरं पान दिसता कामा नये.

६:२०

मेल गेली. बिलही गेलं. ६,३०० वजा २,००० आगाऊ, बाकी ४,३००, तीस दिवसांत.

दहा मिनिटांत फोन.

“मॅडम, फॉन्ट वगैरे आमचा मुलगा करेल बदल. पण सूचना चित्रात नकोत म्हणता, मग टाइप कोण करणार?”

“ए-फोरला ४० रुपये घेते, साहेब. तपासून देईन.”

“तीस करा. बासष्ट आहेत.”

“पस्तीस. रफार, वेलांट्या दोनदा बघाव्या लागतात.”

पलीकडे थोडी कुजबुज. मग होकार. ६२ सूचना, २,१७० रुपये. थकबाकीच्या सूचना आधी, असं ताईच सुचवतात. ते मान्य होतं.

६:४०

खोलीचा दुसरा भाडेकरू जिन्यात आहे. ताई त्याला विचारतात, निम्म्या सूचना तो रात्री करेल का. दर तोच, पस्तीस. तो हो म्हणतो. ताई त्याला पहिल्या एकतीस चित्रांच्या फाइली पेन ड्राइव्हवर देतात आणि सांगतात, युनिकोडमध्येच कर, श्रीलिपीत नको. उरलेल्या एकतीस उद्या सकाळी ९ला त्या स्वतः घेणार आहेत.